लाइट गेली तेव्हा तुमचा सेव्ह कुठं होता?

कृष्णाकाठ (सांगली)
१४ मे, रात्री १२:२०

काल रात्री गेममधली मलेनिया मेलीच होती. दुसरी फेज, तिच्या रक्ताची पट्टी करंगळीच्या नखाएवढी उरलेली, माझ्याकडं अजून दोन फ्लास्क (रक्त भरून काढायच्या बाटल्या). मारायला हात उचलला आणि आख्ख्या विश्रामबागेची लाइट गेली. पीसी बंद. पंखा मात्र इन्व्हर्टरवर निवांत फिरतोय. त्या पंख्याकडं बघत बसलो तो बसलोच. बाहेर वळीव नुसता बदडत होता, खालचे काका गॅलरीतनं "डीओ गेला, डीओ गेला" (डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज) असं गल्लीला कळवत होते आणि आतनं आईचा आवाज आला, "बरं झालं. आता तरी झोप."

झोप कसली येतीय. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मलेनिया ही एल्डन रिंग या गेममधली बाई. तिचा वार बसला की तुमचं रक्त जातं आणि तिचं भरून येतं. ढालीवर घेतला तरी तिचं भरतंच. त्यात तो वॉटरफाउल डान्स. उडी मारते, हवेत क्षणभर थांबते आणि मग असे वार सुटतात की कुठला पहिला आणि कुठला शेवटचा ते कळत नाही. या बाईपुढं मी ११८ वेळा मेलोय. आकडा अंदाजे नाही, जुन्या वहीच्या मागच्या पानावर पाच-पाचच्या रेघा मारून ठेवल्यात. (मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. मोजायची खोड आहे.)

त्या ११८ बद्दल तक्रार नाही. ती मरणं माझी होती. कालचं ११९वं कुणाच्या खात्यावर लिहायचं ते सांगा.

मी हल्ली गेम अवघड आहे का सोपा हे बघतच नाही. सेव्ह कुठं होतं ते आधी बघतो. पेढीवर टॅलीत एक व्हाउचर झालं की कंट्रोल-ए, मगच दुसरं. हे शहाणपण गेमनंच शिकवलं.

सुरुवात प्रोजेक्ट आयजीआयपासून. गेम २००० सालचा, माझ्यापर्यंत पोचला २००४ ला, आठवीत. नेट कॅफेत तासाला वीस रुपये. चौदा मिशन आणि एकदा मिशन सुरू झालं की मधे कुठंही सेव्ह नाही. शेवटच्या गेटपाशी गोळी लागली तरी परत पहिल्या कुंपणापासून. कॅमेऱ्यानं बघितलं की भोंगा, भोंगा झाला की बराकीतनं माणसं बाहेर. मी कॅमेरा बंद करणारा कॉम्प्युटर शोधेपर्यंत कॅफेवाल्याची हाक यायची, "तीन नंबर, टाइम झाला!" वीस रुपयांत मी वीस मिनिटं खेळायचो आणि चाळीस मिनिटं तेच तेच कुंपण ओलांडायचो.

मग घरी पीसी आला, आणि व्हाइस सिटी. तिथं सेव्ह करायला आपल्या घरी किंवा हॉटेलवर परत जावं लागतं, तिथं ती कॅसेट फिरत असते. ते चालेल. पण ते रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवतंय का? बांधकाम चाललेल्या इमारतीत एकेक करून चार बॉम्ब नेऊन ठेवायचे, वेळ धावतोय, आणि हेलिकॉप्टर नमपॅडवर. माझ्या कीबोर्डच्या नमपॅडमधलं एक बटन दाबलं की दाबलेलंच राहायचं. हेलिकॉप्टर एकाच बाजूला पळत राहायचं. शेवटी बाबांच्या इस्त्रीच्या कपड्यांतली टाचणी काढली आणि ते बटन तिनं उचकटून उचकटून मिशन पार केलं. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन एकटाच ओरडलो होतो. घरच्यांना वाटलं रिझल्ट लागला.

आणि खरा पराक्रम २०१९ चा. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. सेकिरो हा गेम घेऊन चार महिने झाले होते, किल्ल्याच्या माथ्यावरचा गेनिचिरो नुकताच पाडला होता. तो पाडायला दीड महिना लागला, कारण सेकिरोत पळून भागत नाही, समोरच्याच्या तलवारीवर तलवार ठोकत राहावं लागतं. ऑगस्टमध्ये पाणी आलं. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्याही वर गेलं. बाबा गव्हाची पोती माळ्यावर चढवतायत, आई देव आणि कागद पिशवीत भरतीय आणि मी सीपीयू खताच्या पोत्यात घालून सुतळीनं तोंड बांधतोय. बोटीत बसताना जवानानं विचारलं, "यात काय आहे?" मी म्हणालो, "कागदपत्रं." आई काही बोलली नाही. अजून बोलत नाही, फक्त घरी पाहुणे आले की तेवढा किस्सा सांगते.

बारा दिवसांनी परत आलो. कीबोर्ड गाळात रुतून बसला होता. पोतं मामांच्या घरी कोरडं होतं. सीपीयू लावला, सेकिरो उघडला, किल्ल्याच्या माथ्यावर माझा गडी तसाच उभा.

आता तुमचं सांगा. हरलेलं पण सांगा, नुसती शेखी नको.

—

भडंग_आणि_चहा (सांगली)
१४ मे, रात्री १२:४१

आमच्याकडं शंभर फुटी रस्त्याला पण गेली होती. मी क्रिकेट ०७ मध्ये चौथ्या दिवशी टेस्ट वाचवत होतो, नऊ विकेट पडलेल्या. गेली टेस्ट. निकाल: वीज एका विकेटनं विजयी.

गेम २००६ चा आहे म्हणून हसू नका. टीम दरवर्षी पोरं पॅच टाकून नवी करतात, मैदान तेच.

—

जुना_कॅफेवाला (मिरज)
१४ मे, सकाळी ७:१५

"तीन नंबर, टाइम झाला" वाचून गहिवरलो राव. तो कॅफे माझा नसणार, माझा मिरजेत होता, पण हाक तीच.

आता जरा काउंटरच्या अलीकडची बाजू सांगतो. माझ्याकडं आठ पीसी. नावाला नेट कॅफे. नेट बघायला रेल्वेचं रिझर्वेशन आणि निकाल एवढ्यालाच लोक यायचे. धंदा चालायचा तो आयजीआय आणि काउंटर स्ट्राइक १.६ वर. आठच्या आठ पोरं डस्ट टू (काउंटर स्ट्राइकमधलं मैदान) लावून बसली की आवाज बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत. एकानं दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावलं म्हणून मारामारी झाली, तेव्हा मी पीसींच्या मधे प्लायवूडचे तुकडे ठोकले. त्याला पोरं "तटबंदी" म्हणायची.

लाइट जाण्याचं म्हणाल तर माझा नियम होता. गेली की मी वही उघडायचो आणि ज्याचा जेवढा वेळ उरला तेवढा नावापुढं लिहायचो. "बंड्या १२ मि., चष्मावाला २५ मि., पिवळा टी-शर्ट ५ मि." लाइट आली की ज्याचे त्याला. पैसे मी कधी बुडवले नाहीत. पण आयजीआयवाल्यांचं समाधान त्यानं व्हायचं नाही. मिनिटं परत मिळायची, मिशन कुठनं देणार? एक पोरगं होतं, आठ-नऊ दिवस एकाच मिशनवर. शेवटाला आलं आणि लाइट गेली. रडलं नाही, ओरडलं नाही. चप्पल घातली, "उद्या येतो काका" म्हणालं आणि गेलं. मला वाटलं आता कसलं येतंय. दुसऱ्या दिवशी मी शटर उचलतोय तर पायरीवर बसलेलं.

त्या दिवशी त्यानं मिशन काढलं आणि मी त्याचे पैसे घेतले नाहीत. कॅफेच्या सगळ्या काळात गेमसाठी फुकट बसवलेला तो एकटाच.

पुढं आयजीआय २ आला, २००३ चा, त्यात मोजके सेव्ह दिले होते. पोरांना तो कमी आवडला! कारण विचारलं तर म्हणाली, "काका, यात मजा नाही." आता बोला.

—

कासची_फुलं (सातारा)
१४ मे, दुपारी २:०५

तुमचा डीओ परवडला. आमच्याकडं सासूबाई आहेत.

मी शाळेत शिकवते. पेपर तपासून झाले की रात्री स्टार्ड्यू व्हॅली. शेती, कोंबड्या, मासे. (एरिक बॅरोन नावाच्या माणसानं एकट्यानं केलेला गेम, २०१६ चा. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच.) यात सेव्ह कधी होतं? पलंगावर जाऊन झोपलं की. दिवस संपला तरच. एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. ऐकायला काहीच नाही.

या गेममधलं मासे पकडणं म्हणजे शिक्षा आहे. माशाची खूण खालीवर उड्या मारते आणि आपण हिरवी पट्टी तिच्यामागं नाचवायची. सगळ्यात वाईट मासा म्हणजे लेजंड. तो फक्त वसंतात, फक्त पाऊस पडत असताना, डोंगरावरच्या तळ्यात, आणि तुमची मासेमारी दहाव्या पातळीला पोचलेली असेल तरच. मी त्याच्यामागं गेमची दोन वर्षं होते. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तो लागला. हात घामानं ओले, पट्टी तीनदा तळाला गेली आणि वर आली आणि तो मासा माझ्या हातात! आता फक्त घरी जायचं आणि झोपायचं. मी पुलापर्यंत पोचले.

सासूबाईंनी मिक्सर लावायला माझा प्लग काढला. कारळ्याची चटणी.

मी काहीच बोलले नाही. बोलणार काय? "आई, तुम्ही माझा मासा मारलात"? त्यांनी विचारलं, "काय गं, काम राहिलं का?" मी म्हटलं, "नाही, झालंच होतं." जेवताना चटणी वाढली तेव्हा घास गिळवेना. चटणी चांगली झाली होती, तेही खरं.

मासा नंतर मिळाला, पुढच्या वसंतात. त्या वेळी मी प्लगवर कागद चिकटवला होता: "परीक्षेचे मार्क भरणे चालू." तो कागद अजून आहे.

—

सोलो_नाहीतर_नाही (मूळ कराड, सध्या पुणे)
१४ मे, दुपारी ४:३०

कृष्णाकाठ, एक सांग. मलेनियाला एकटा लढतोयस का मिमिक टिअर काढून? मिमिक असेल तर ते ११८ मरण निम्म्यानं धर. आपलीच नक्कल पुढं पाठवायची आणि मागनं भाला मारायचा हा काय पराक्रम झाला?

स्टार्ड्यूबद्दल आदर आहे, पण या धाग्यात तो बसतो का?

—

कासची_फुलं (सातारा)
१४ मे, दुपारी ४:५२

बसतो. तुम्ही सरका थोडं.

आणि तुम्हाला अजून एक कारण देते. मी हेडिस नावाचा गेम गॉड मोडवर संपवला. त्यात सुरुवातीलाच मार २० टक्के कमी लागतो, पुढं प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के कमी, असं ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे जितकं मराल तितकं सोसायला शिकता. रोज रात्री पाऊण तास मिळतो मला, दीड महिना एका दारापाशी घालवायची चैन परवडत नाही. गेममधल्या पाताळातनं पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा मीही गच्चीवर गेले होते. ओरडले नाही, शेजारी माझे विद्यार्थी राहतात.

—

भडंग_आणि_चहा (सांगली)
१४ मे, सायं. ५:००

"तुम्ही सरका थोडं." 😂 एसटीत जागा मिळवणारी माणसं आहेत ही, नादाला लागू नका.

—

घाटावरचा (पलूस)
१४ मे, सायं. ६:१०

सेव्हवर बोलताय आणि किंगडम कम डिलिव्हरन्सचं नाव नाही?

२०१८ चा गेम. १४०३ सालचा बोहेमिया, आपण लोहाराचं पोरगं. वाटेल तेव्हा सेव्ह करायचं तर एक खास दारू प्यावी लागते. दारू विकत घ्या नाहीतर स्वतः गाळा. जास्त वेळा सेव्ह केलं तर पोरगं झिंगतं, चालताना हेलकावे खातं. मी भित्रा माणूस, प्रत्येक वळणाला सेव्ह करणारा. माझा गडी पहिल्या आठवड्यातच पक्का बेवडा झाला. दरोडेखोर आले तेव्हा त्याला तलवारीचं टोक कुठंय ते दिसेना.

आजोबा मागं बसून बघत होते. म्हणाले, "ह्याला आधी माळ घाला." आमच्याकडं वारकरी घर आहे. पुढं बाहेर पडताना आपोआप सेव्ह होईल अशी सोय पॅचमध्ये आली, तेव्हा आजोबांना सांगितलं, सुटली बघा त्याची. त्यांना खरंच बरं वाटलं.

—

हंड्यातला_माणूस (सांगली)
१४ मे, रात्री ९:२०

सगळे सेव्ह गेला म्हणून रडताय. मी सेव्ह होतं म्हणून रडतो.

गेटिंग ओव्हर इट. २०१७. एक उघडा माणूस हंड्यात बसलाय, हातात मोठा हातोडा, आणि माउसनं तो हातोडा अडकवत अडकवत डोंगर चढायचा. बाकी काही नाही. गेम सतत सेव्ह करत असतो. कधी बंद करा, उघडलं की तिथंच. छान ना? आता पाच तास चढून, अगदी वरच्या टप्प्याला हातोडा एक सूत चुकला की थेट पायथ्याला. आणि ते पडणं पण सेव्ह. पूर्वीचा सेव्ह नावाची वस्तूच नाही. त्यात पडल्यावर एक माणूस शांत आवाजात तुम्हाला निराशेबद्दल काहीबाही ऐकवतो.

मला तर त्या वेळी लाइट गेलेली हवी होती. पडताना बटन बंद केलं तर वाचतो का, हे पण करून बघितलं. नाही वाचलो.

तीन महिन्यांनी माथ्यावर गेलो. बायकोला उठवलं. तिनं एक डोळा उघडून स्क्रीन बघितला आणि विचारलं, "हा अजून हंड्यातच आहे का?"

—

वायरमनचा_मुलगा (तासगाव)
१४ मे, रात्री १०:४५

कृष्णाकाठ दादा, रडगाणं वाचलं पण एका वाक्यावर अडकलो. तुम्ही लिहिलंय की पंखा इन्व्हर्टरवर चालू होता. मग पीसी कुठल्या बोर्डावर आहे? तो पण इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल आणि तरी बंद पडला असेल तर दोष मलेनियाचा नाही आणि डीओचा पण नाही.

कसं असतं बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आत रिले बदलून बॅटरीवर जातो. त्याला काही मिलिसेकंद लागतात. पंख्याला आणि ट्यूबला त्याचं काही नाही, पंखा तर स्वतःच्या वेगानंच फिरत राहतो. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) कपॅसिटर असतात, ते मधली फट भरून काढतात, पण किती? पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदाचा. एक फेरा हुकला की संपलं. आणि गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड पूर्ण ओढत असतं, तेव्हा कपॅसिटर लवकर रिकामे. म्हणून नुसतं ब्राउझर उघडं असताना लाइट गेली तर पीसी तगतो आणि बॉसच्या (गेममधल्या मोठ्या शत्रूच्या) वेळी मरतो. लोकांना वाटतं नशीब. नशीब नाही, लोड आहे.

आता इन्व्हर्टरच्या मागं जा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागं एक छोटा स्विच असतो, "इको" आणि "यूपीएस" असं लिहिलेला. इकोवर असेल तर तो बदलायला जास्त वेळ घेतो, यूपीएसवर ठेवला की झटपट. नव्वद टक्के घरांत तो स्विच बसवणाऱ्यानं ज्या बाजूला ठेवला तिथंच जन्मभर असतो.

आणि "छोटा यूपीएस घेतो की" म्हणणाऱ्यांसाठी. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, त्यावर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. आत बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. तीनशे वॅट ओढले तर दहा मिनिटंसुद्धा धरायची नाही. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं, बॉस मारत बसायचं नाही. दोन-तीन वर्षांनी ती बॅटरी फुगते आणि यूपीएस नुसता टी-टी करणारा डबा उरतो.

सेकंडहँड काही घेऊ नका एवढंच.

—

सोलो_नाहीतर_नाही (मूळ कराड, सध्या पुणे)
१४ मे, रात्री ११:१०

बरं, कामाचं सांगतो, माझ्यावर राग असला तरी.

एक: एल्डन रिंगचा सेव्ह ऍपडेटाच्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाच्या फोल्डरात असतो. मूळ फाइल आणि शेजारी तिचीच एक बॅक प्रत. झटक्यात लाइट जाऊन मूळ फाइल बिघडली तर ती प्रत कामाला येते. आठवड्यातनं एकदा आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

दोन: या गेमला पॉज नाही असं सगळे म्हणतात. ऑफलाइन असाल तर आहे. मेनू उघडायचा, त्यात मदतीचं बटन, तिथं "मेनू एक्सप्लनेशन" निवडायचं. ती सूचना स्क्रीनवर असेपर्यंत जग थांबतं. आई हाक मारते तेव्हा उपयोगी.

तीन: मिमिकबद्दल थोडं जास्त बोललो. २०२२ च्या मार्चमधल्या पॅचनं त्याची ताकद उतरवलीच आहे. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मी पण काढला होता.

—

हरभट_रोड (सांगली)
१५ मे, सकाळी ८:३०

मला एक खटकलं म्हणून लिहितो. २०१९ ला आमचं दुकान आणि घर दोन्ही पाण्यात होतं. आजीला खुर्चीवर बसवून बोटीत घातलं. त्या बोटीत पोत्यातनं कॉम्प्युटर नेणारा कुणी भेटला असता तर मी त्याला पोत्यासकट उतरवला असता. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्या दिवसांची गंमत मला अजून जमत नाही.

—

कृष्णाकाठ (सांगली)
१५ मे, रात्री ८:५०

हरभट रोड, तुमचं बरोबर आहे. बोटीत आम्ही तिघं आणि शेजारचे दोघं, जागा होती, पोतं मी मांडीवरच धरलं होतं. पण जागा नसती तर मी काय केलं असतं हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि आई गप्प बसते ती त्याच कारणानं असावी. आजी कशा आहेत?

वायरमनच्या मुला, तुझ्या पाया पडतो. आज पेढीवरनं आल्या आल्या इन्व्हर्टर भिंतीपासून ओढला. मागं पालीची दोन अंडी, एक हरवलेलं नेलकटर आणि तो स्विच. इकोवर.

बाबांना विचारलं, हा असा का? तर बसवणाऱ्यानं यूपीएसवरच ठेवला होता म्हणे. पण व्होल्टेज जरा खालीवर झालं की तो टक-टक करत बॅटरीवर जायचा आणि परत यायचा. दुपारी झोप लागायची नाही म्हणून बाबांनी २०२१ मध्ये तो इकोवर सरकवला आणि विसरून गेले. चार खोल्यांच्या घरात चार वर्षं मी ज्याला नशीब समजत होतो ती बाबांची दुपारची झोप होती.

तह झालाय. रात्री दहा ते एक यूपीएस, बाकी वेळ इको. स्विच सरकवायचं काम माझं, विसरलो तर एक आठवडा भाजी आणायची.

सोलो भाऊ: मिमिक काढतो. निम्मं धरायचं तर ५९ धर, माझ्या वहीत ११८ च राहील.

—

हरभट_रोड (सांगली)
१५ मे, रात्री ९:३०

आजी बरी आहे. ९१ चालू आहे. तिला तुमचं पोतं सांगितलं तर हसली. म्हणे, "मी पण लोणच्याची बरणी घेतली होती."

—

कृष्णाकाठ (सांगली)
१९ मे, रात्री १:३५

गेली.

नीट सांगतो. साडेअकराला बसलो. १३१, १३२, १३३ ही तिन्ही पहिल्याच फेजमध्ये. वॉटरफाउल आला की मी मागं लोळत होतो तीच चूक. पहिल्या झडपेला सरळ पाठ फिरवून पळायचं, दुसरीला तिच्या खालनं पुढं जायचं, हे डोक्याला कळतं, बोटाला कळायला १३० मरणं लागली.

१३४ ला दुसरी फेज. ती लाल फुलासारखी उमलते, तिथनं लांब पळालो, परत आलो, दोन वार घातले. तेवढ्यात ट्यूब फडफडली. पंख्याचा सूर बदलला, एकदम खालच्या पट्टीत गेला. लाइट गेली होती. आणि पीसी चालू! स्क्रीनवर मलेनिया, हातात कंट्रोलर, सगळं जागच्या जागी. मी मान वर करून पंख्याकडं बघितलं, खरंच गेलीय का म्हणून.

त्यात मेलो.

पण असं हसायला आलं की आई उठून आली. तिला म्हटलं, लाइट गेलीय आणि पीसी चालू आहे. ती म्हणाली, "मग यात हसण्यासारखं काय?" आणि पाणी पिऊन गेली.

१३५, १३६ असेच. १३७ ला मिमिक लवकर पडला. शेवटच्या पाव पट्टीला मी एकटा होतो (सोलो भाऊ, नोंद घ्या), फ्लास्क शून्य. ती वॉटरफाउलला वर उडाली, मी पाठ फिरवून पळालो, वळलो, खालनं गेलो, ती उतरली तेव्हा तिची पाठ माझ्याकडं. एकच वार. आवाज झाला आणि सोनेरी अक्षरं आली. मी सूचना-पॉज लावला नाही, कंट्रोलर खाली ठेवला नाही, आधी ग्रेसवर (गेममधली विसाव्याची जागा) जाऊन बसलो. मग बाहेर पडून फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग गच्चीवर गेलो.

सगळी विश्रामबाग अंधारात. ओरडलो नाही, खालचे काका गॅलरीत उभे होते. त्यांनी वर बघून विचारलं, "तुमच्याकडं आहे काय रे?"

—

भडंग_आणि_चहा (सांगली)
१९ मे, रात्री १:४८

अभिनंदन भावा. आमच्याकडं अजून आली नाही. मोबाइलवरनं लिहितोय, ९ टक्के उरलेत. दुसऱ्या डावात सात विकेट गेल्या होत्या.

—

वायरमनचा_मुलगा (तासगाव)
१९ मे, सकाळी ६:२०

दादा, स्विच परत इकोवर केला का? भाजी आणावी लागेल.